पाहुण्यांची खोली, नग दोन

पाहुण्यांनी ताट निपटून, पावाच्या तुकड्यानं पुसून लख्ख केलं, तर तुम्ही काय समजता हो? पोट भरलं असं, की अजून हवंय असं?

घाईनं उत्तर देऊ नका. मी घाईनं दिलं आणि नको ते होऊन बसलं. (इतकं काही झालं नाही, असं लाइल म्हणतो. लाइल माझा नवरा. तो खुर्चीत बसून सगळं बघत होता. त्याला काय जातंय म्हणायला!)

आधी माझ्या कामाचं सांगते, नाहीतर तुम्ही मला वेडी समजाल. मी नेब्रास्कात एका फीडलॉटवर कामाला आहे. तिथे हजारो गोऱ्हे आणून पोसायचे, वजन वाढवायचं आणि विकायचे, एवढाच उद्योग चालतो. माझं काम गव्हाणी वाचायचं. रोज पहाटे साडेपाचला गाडी घेऊन गोठ्यांपुढून जायचं, कालचा चारा कुठे किती उरलाय ते बघायचं आणि आज किती घालायचा ते वहीत लिहायचं. मग लाइल चाऱ्याचा ट्रक घेऊन येतो आणि मी लिहिलंय तेवढं ओततो.

गव्हाण चाटून साफ असेल तर शून्य लिहायचं. चार दाणे उरले असतील तर अर्धा. तळाला थर असेल तर एक. एकदाच शून्य आलं तर हात आवरायचा. पण लागोपाठ दोनदा शून्य आलं, आणि ट्रक यायच्या आधीच गोऱ्हे गव्हाणीवर रांग लावून उभे असले, तर समजायचं की भूक वाढली. मग थोडं वाढवायचं. थोडंच. एकदम वाढवलं की पोट आंबतं, जनावर खाणं टाकतं, आणि महिनाभर कमावलेली वाढ चार दिवसांत पाण्यात जाते. माझ्या गोठ्यांचं प्रमाण सहाला एक आहे: सहा पौंड चारा, की एक पौंड वजन. बावीस वर्षं मी ते घसरू दिलेलं नाही. (माझं स्वतःचं प्रमाण याहून सरस आहे. मला एक पौंड चढायला केकचा नुसता वासही पुरतो.)

तर आमच्या शेल्बीचं लग्न ठरलं. मुलगा नील्स, मिनेसोटाचा, स्वभावानं लोण्यासारखा. लग्न सप्टेंबरात करायचं, इथवर सगळ्यांचं एकमत होतं. कुठे करायचं, यावर गाडं अडलं होतं. विहीणबाईंना, म्हणजे आर्डिसना, ते त्यांच्या तळ्याकाठी हवं होतं. मला आमच्या गावात हवं होतं, आणि ते हौसेपायी नव्हे. माझी आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. गावातल्याच वृद्धाश्रमात चाकांच्या खुर्चीत असते. नऊ तासांचा प्रवास तिला झेपणार नाही. नातीचं लग्न बघायचं म्हणून तिनं निळा झगा इस्त्री करून कपाटाला लावून ठेवलाय. कुठल्या गावी जायचं ते अजून ठरलं नाही, हे तिला सांगायचा धीर मला झाला नव्हता.

मार्चमध्ये आर्डिस आणि त्यांचे यजमान हार्लन तीन दिवस आमच्याकडे राहायला आले. गाव बघायला, चर्च बघायला, हॉल बघायला. नील्सला सुट्टी मिळाली नाही. ते यायच्या आदल्या दिवशी शेल्बीनं मला स्वयंपाकघरात गाठलं.

"आई, एकच मागणं आहे. तीन दिवस गुरांचं नाव काढायचं नाही."

"म्हणजे काय? मी काय सारखी गुरांचंच बोलते?"

"नील्स पहिल्यांदा आला तेव्हा तू त्याला काय म्हणालीस?"

"पाय मजबूत आहेत म्हणाले. कौतुकच केलं ना?"

"आई!"

"बरं बाई, नाही काढत."

आणि मी शब्द पाळला. तीन दिवस गुरांबद्दल मी एक अक्षर बोलले नाही.

शुक्रवारी संध्याकाळी सहाचं जेवण सांगितलं होतं. सहाला दहा कमी असतानाच दोघं येऊन खुर्च्यांमागे उभी राहिली, हात पुढे बांधून, गप्प. आर्डिस उंच, ताठ, पांढऱ्या केसांच्या. हार्लन रुंद खांद्यांचे आणि लाजाळू. मी रोस्ट, कुस्करलेले बटाटे, मक्याचे दाणे आणि पाव मांडले.

"आर्डिस, अजून घ्या ना थोडं."

"नको नको, भरपूर झालं."

"एवढंसं?"

"नको हो, खरंच."

"माझ्यासाठी."

"बरं, आता तुम्ही म्हणताच आहात तर..."

मिनेसोटाची माणसं तिसऱ्यांदा म्हटल्याशिवाय हो म्हणत नाहीत, हे मला नील्सवरून ठाऊक होतं. त्यामुळे मी कुणालाच दुसऱ्या नकाराशी सोडलं नाही. शेवटी दोघांची ताटं अशी स्वच्छ, की धुवायची की तशीच फळीवर ठेवायची, असा प्रश्न पडावा. हार्लननी तर पावानं कडासुद्धा पुसून घेतल्या.

"फार वेगळं जेवण होतं हं," आर्डिस म्हणाल्या.

मला केवढं बरं वाटलं! (मिनेसोटात ‘वेगळं’ म्हणजे काय, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.)

भांडी आवरताना ओट्यावर माझी कामाची वही पडलेली होती. माझ्या हातानं आपोआप पेन उचललं. बावीस वर्षांची सवय, दुसरं काय! बोलायचं नाही असं ठरलं होतं. लिहायचं नाही असं कोणी म्हटलं नव्हतं.

शनिवारी कामावरून येऊन मी पॅनकेक, अंडी आणि सॉसेज केले. दोघं पुन्हा दहा मिनिटं आधी हजर, खुर्च्यांमागे उभी. ताटं पुन्हा लख्ख. पाकाचा ओघळसुद्धा उरला नाही.

लागोपाठ दोनदा शून्य, आणि वेळेआधी गव्हाणीवर. तुम्हीच सांगा, दुसरं काय समजायचं?

मी लाइलला बाजूला घेतलं. "अरे, यांचं पोट भरत नाहीये."

"हं," लाइल म्हणाला.

"लाजतायत. आपणच समजून वाढवायला हवं."

"हं."

(लाइलचं ‘हं’ बारा प्रकारचं असतं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, मला अजून चारच ओळखता येतात.)

तरी मी एकदम काही वाढवलं नाही बरं का. मी शिस्तीची बाई आहे. दुपारी कोबी आणि खिम्याचे भरलेले पाव केले होते, ते एकाऐवजी दोन दिले. शून्य. चारला कॉफीबरोबर प्लमची कोलाची (मधे फळ भरलेले गोड पाव) दिली, तीही दोनदोन. शून्य. त्यानंतर दोघं कोट घालून बाहेर पडली आणि आमच्या कुंपणाच्या कडेनं फेऱ्या मारू लागली. एक फेरी, दोन फेऱ्या, चार फेऱ्या. न बोलता, एकामागे एक.

मी खिडकीतून बघत होते. नवीन आणलेली गुरं पहिले दोन दिवस अशीच कुंपणाला धरून चालत राहतात. जागा परकी वाटते, खाण्याची खात्री नसते. पोटभर मिळतंय असं कळलं की आपोआप स्थिरावतात.

"बिचारी अजून रुळली नाहीत," मी म्हटलं.

"हं," लाइल म्हणाला. हे पाचव्या प्रकारचं होतं.

त्यात रेडिओवर सांगितलं की उत्तरेकडून बर्फ येतोय. बर्फाच्या आधी जनावराचा आहार वाढतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मी फ्रीझरमधून मोठे स्टेक काढले. थाळीएवढे. हार्लनचा स्टेक दोन्ही बाजूंनी थाळीच्या बाहेर आला होता.

हार्लननी त्या स्टेककडे पाहिलं. मग आर्डिसकडे पाहिलं. आर्डिसनी मान अगदी थोडी हलवली. हार्लननी सुरी उचलली.

मधेच ते थांबले. कपाळावर घाम आला होता.

"गरम होतंय का? खिडकी उघडू?" मी विचारलं.

"नाही नाही. छान आहे. सगळंच छान आहे."

"बाबा, तुम्ही ठीक आहात ना?" शेल्बीनं विचारलं. (सासऱ्यांना ती आत्ताच बाबा म्हणू लागली होती. लाइलनं तेव्हाही ‘हं’ केलं.)

"उत्तम, बेटा. उत्तम."

शून्य. त्यावर पायचा तुकडा. तोही शून्य. मला अभिमान वाटला. इतकं प्रामाणिकपणे खाणारी माणसं मी पाहिली नव्हती. आणि मनात म्हटलं, इतकं आवडतंय म्हणजे लग्न इथेच करायला कशाला नाही म्हणतील!

रविवारी मी कामावर बदली माणूस दिला होता. नाश्त्याला तळहाताएवढे दालचिनीचे रोल केले. (तळहात लाइलचा. माझा नव्हे.) मग आम्ही चर्चला गेलो. भजनाला सगळे उभे राहिले, हार्लन राहिले नाहीत. आर्डिसनी त्यांना कोपरानं ढोसलं, तेव्हा ते अर्धे उठले आणि पुन्हा बसले. नंतर हॉल बघायला गेलो तर ते दारातल्याच बाकावर टेकले आणि तिथूनच म्हणाले, "छान आहे. उंच आहे."

आर्डिसनी मात्र हॉल नीट पाहिला. खिडक्या मोजल्या. पायऱ्यांजवळचा उतरता रस्ता पाहून विचारलं, "हा कशाला?"

"चाकाच्या खुर्चीसाठी," शेल्बी म्हणाली.

"अच्छा," आर्डिस म्हणाल्या. आम्ही घरी आलो. आता सगळी भिस्त दुपारच्या जेवणावर होती.

बाराचं जेवण सांगितलं होतं. बाराला दहा कमी झाले. कोणी आलं नाही. बाराला पाच कमी. टेबलाशी कोणी नाही. बारा वाजले.

मी हातातला डाव ओट्यावर टाकला. गोठा गव्हाणीवर आला नाही, म्हणजे काय असतं ते मला पुरतं ठाऊक आहे. तेव्हा विचार करत बसायचं नसतं, धावायचं असतं.

मी धावले. हार्लन बाहेरच्या खोलीत सोफ्यावर आडवे पडले होते. कळपापासून वेगळे, डोळे मिटलेले, श्वास भरभर. सगळी लक्षणं जिथल्या तिथे! मी गुडघ्यांवर बसले, त्यांच्या डाव्या कुशीवर कान टेकवला आणि बोटानं टिचकी मारली. पोट फुगलं असेल तर तिथे रिकाम्या पिंपासारखा आवाज येतो.

हार्लननी डोळे उघडले.

"डोरीन," ते हळूच म्हणाले, "काय करताय?"

"बोलू नका. आवाज ऐकतेय."

"आई!" शेल्बी दारात उभी होती. "तू त्यांच्या पोटावर टिचक्या मारतेयस?"

"डाव्या बाजूलाच मारतेय गं, उगाच कुठेही नाही."

एवढ्यात स्वयंपाकघरातून आर्डिस आल्या. त्यांच्या हातात माझी वही होती. नंतर कळलं ते असं: नवऱ्याची तब्येत बरी नाही, आम्ही जेवणाआधीच निघतो, तुमचे फार आभार, अशी चिठ्ठी लिहून ठेवायला त्या कागद शोधत होत्या. तोंडावर सांगणं त्यांना अवघड वाटत होतं. ओट्यावर वही दिसली म्हणून त्यांनी ती उघडली.

त्या वाचू लागल्या. आवाज सरळ, चर्चमध्ये वाचन करावं तसा.

"पाहुण्यांची खोली. नग दोन. नर अंदाजे दोनशे दहा पौंड, मादी दीडशे. बांधा मोठा. भरायला वाव आहे."

कोपऱ्यातल्या खुर्चीत लाइल सावरून बसला.

"शुक्रवार रात्र. शून्य. शनिवार सकाळ. शून्य. वेळेआधी गव्हाणीवर हजर. वाढवा." त्यांनी पान उलटलं. "शनिवार दुपार. शून्य. कुंपणाच्या कडेनं फिरतायत, अजून रुळली नाहीत. शनिवार रात्र. शून्य. नर धापा टाकतोय, पण खाणं सोडत नाही. जातिवंत."

"आई," शेल्बी कुजबुजली, "तू कबूल केलं होतंस."

"मी बोलले नाही," मी म्हटलं. "नुसतं लिहिलं."

आर्डिसनी चष्मा काढला. "मादी?" त्या म्हणाल्या.

मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. तशीच गुडघ्यांवर बसून राहिले, आणि उठताही येईना, कारण माझा डावा गुडघा एकदा टेकला की कोणी ओढल्याशिवाय उठत नाही. लाइलनं खुर्चीतूनच हात पुढे केला आणि मला उभं केलं.

"अहो, ताटं स्वच्छ होती," मी म्हटलं. "प्रत्येक वेळी. मला वाटलं तुम्ही उपाशी राहताय."

"अहो, ताट स्वच्छ केलं म्हणजे झालं जेवण!" हार्लन सोफ्यावरून म्हणाले. तीन दिवसांत त्यांनी पहिल्यांदाच आवाज चढवला होता. "आमच्याकडे मग वाढणारा थांबतो. तुम्ही थांबतच नव्हता! ताट रिकामं केलं की अजून येतंय, अजून येतंय!"

"मग ठेवायचं होतंत थोडं ताटात."

"लोकांच्या घरी? ताटात टाकायचं?" आर्डिसना ते ऐकवलंच नाही. "आणि आम्ही नको म्हटलं होतं. दरवेळी दोनदा म्हटलं."

"दोनदा ना? तीनदा म्हटल्याशिवाय कसं कळायचं मला?"

"तिसऱ्यांदा नाही म्हणणं उद्धटपणा असतो!"

"मग वेळेआधी येऊन का उभं राहत होता?"

"उशीर व्हायला नको म्हणून!"

"आणि त्या फेऱ्या?"

"जिरवायला!" हार्लन ओरडले आणि पोट धरून पुन्हा आडवे झाले.

मला रडू आलं. मी बसले आणि सगळं सांगून टाकलं. आईचं, निळ्या झग्याचं, नऊ तासांच्या प्रवासाचं. तुम्ही पोटभर जेवून खूश झालात तर हो म्हणाल, एवढंच डोक्यात होतं, असंही सांगितलं. कुणाचं मन कसं वळवायचं ते मला दुसऱ्या कुठल्या मार्गानं ठाऊक नाही.

आर्डिसनी वही मिटली.

मग हार्लन कण्हले आणि मला माझं काम आठवलं. पोट आंबलं की आम्ही गोऱ्ह्यांचा मका कमी करतो, वाळकं गवत देतो आणि चाऱ्यात सोडा मिसळतो. वाळकं गवत द्यायचं मी स्वतःहूनच टाळलं. (शेल्बी माझ्याकडेच बघत होती.) पण खायचा सोडा पेलाभर पाण्यात ढवळून दिला. हार्लननी तो एका दमात प्यायला. आम्ही पाचही जण थांबलो.

आणि मग जो ढेकर आला! मी जनावरांत आयुष्य काढलंय. पण असा दणदणीत ढेकर ऐकलेला नाही. दिव्याची काच किणकिणली.

हार्लन कानापर्यंत लाल झाले. आर्डिसनी तोंडावर हात ठेवला. त्यांचे खांदे हलू लागले, मला वाटलं त्याही रडतायत, आणि मग त्या अशा हसत सुटल्या की त्यांना भिंतीला धरून उभं राहावं लागलं.

"एक्केचाळीस वर्षं," त्या म्हणाल्या, "एक्केचाळीस वर्षांच्या संसारात याचा ढेकर मी कधी ऐकला नाही हो!"

"मग इतकी वर्षं ते कुठे..." मी विचारू लागले. शेल्बीनं माझा पाय दाबला.

दुपारचं जेवण तसंच झाकून ठेवलं. बाहेर बर्फ सुरू झाला होता, त्यामुळे त्यांचं निघणं सोमवारवर गेलं. संध्याकाळी सगळ्यांनी नुसता चहा घेतला. लग्नाचा विषय कोणी काढला नाही, मी तर नाहीच नाही. आर्डिस लाइलकडे वळल्या आणि गमतीनं म्हणाल्या, "पण तुमचं मला नवल वाटतं. तुम्ही हे सगळं निभावता कसं?"

लाइलनं चहाचा कप खाली ठेवला.

"आमच्या आईनं सांगितलं होतं," तो म्हणाला. "बायको कष्टानं रांधते, ताटात काही टाकायचं नाही. मी टाकत नाही. हिनं पहिल्या वर्षी दोन अंडी दिली. मी संपवली. मग तीन झाली." त्यानं पट्टा सारखा केला. "आता पाच आहेत."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या पट्ट्याकडे बघितलं. लग्नात तो मक्याच्या धाटासारखा सडपातळ होता. मी आपली समजत होते की वयोमानानं होतं असं.

"अरे, मग बोलला का नाहीस कधी?"

"तू कधी माझ्याकडे बघून विचारलंच नाहीस," लाइल म्हणाला. "तू ताटाकडे बघायचीस."

त्यावर हार्लन उठले आणि त्यांनी लाइलचा हात हातात घेऊन बराच वेळ हलवला. पुरुषांचं असं मी फक्त दफनाच्या वेळी पाहिलंय.

दुसऱ्या दिवशी लाइलनं रजा घेतली होती. सकाळी मी साडेपाचला कामावर गेले आणि नऊला परत आले, तेव्हा माझ्याच टेबलाशी बसून चौघांनी सगळं ठरवून टाकलं होतं: लग्न आमच्या गावच्या हॉलमध्ये, सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी, माझी आई पहिल्या रांगेत, आणि जेवण जवळच्या ग्रँड आयलंड शहरातल्या एका माणसाकडून, मला स्वयंपाकघराच्या दारात पायसुद्धा न ठेवू देता. नाश्ता आर्डिसनी केला होता, प्रत्येकी एक अंडं आणि एक टोस्ट, आणि लाइलनं त्यातला अर्धा टोस्ट ताटात ठेवला होता.